मेंदूच्या एमआरएसमध्ये १.३ पीपीएमचा पीक सारखा का येतो, आणि तो कसा घालवायचा

एमआरएस, म्हणजे एमआर स्पेक्ट्रोस्कोपी, एमआरआयच्याच मशीनवर मेंदूतल्या एका चौकटीतली (व्हॉक्सेल) रसायनं मोजते. प्रत्येक रसायनाचा पीक स्पेक्ट्रमवर ठरावीक जागी येतो, आणि ती जागा पीपीएममध्ये सांगतात. आता व्हॉक्सेल नीट बसवला, शिम (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) चांगला लागला, पाण्याची लाइनविड्थ (पीकची रुंदी) ठीक आली, आणि तरीही स्पेक्ट्रममध्ये १.३ पीपीएमला मोठा, रुंद पीक उभा. शेजारी ०.९ लाही फुगवटा. पुन्हा स्कॅन केला तरी तोच प्रकार. मग कन्सोलवर चर्चा सुरू होते: एक जण लॅक्टेट म्हणतो, दुसरा नेक्रोसिस (मृत ऊती), तिसरा सॅट बँड (बाहेरचा सिग्नल दाबणारे पट्टे) वाढवायला सांगतो. पेशंट आधीच चाळीस मिनिटं आत आहे, त्यामुळे शेवटी "लिपिड-लॅक्टेट पीक दिसतो" असं मोघम लिहून रिपोर्ट जातो.

हे मोघम वाक्य आपल्याकडे महागात पडतं. ट्युबरक्युलोमामध्ये, म्हणजे मेंदूतल्या क्षयाच्या गाठीत, लिपिडचा (चरबीचा) पीक खरोखरच येतो. क्षयाच्या जंतूच्या आवरणात आणि गाठीच्या मधल्या चीजसारख्या मृत भागात चरबी भरपूर असते, आणि लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतून १९९० च्या दशकापासून यावर बरंच काम झालं आहे. रिंग एनहान्समेंट असलेल्या (कडेने कड्यासारख्या उजळणाऱ्या) छोट्या गाठीत लिपिड दिसलं की निदानाचा काटा न्यूरोसिस्टिसर्कोसिसकडून (फीतकृमीच्या अळीची गाठ) टीबीकडे झुकतो, म्हणजे पुढे महिनोन्महिने एकेटी (क्षयाची औषधं). या गाठी बऱ्याचदा ग्रे-व्हाइट जंक्शनला, म्हणजे कवटीच्या जवळच असतात. डोक्याच्या कातडीखालची चरबी तिथून फार तर दोन सेंटिमीटरवर असते. तेव्हा पीक गाठीतला आहे की कातडीतला, याचं उत्तर पेशंट टेबलावरून उतरायच्या आत मिळायला हवं.

त्रास मुळात का होतो? मेंदूतल्या पाण्याचे प्रोटॉन लिटरमागे साधारण ८० मोल असतात, तर एनएए, म्हणजे चेतापेशींतलं नेहमी मोजलं जाणारं रसायन, जेमतेम १० मिलिमोल. कातडीखालच्या चरबीतले प्रोटॉनही पाण्याच्याच तोलाचे. पाण्याचा बंदोबस्त तुलनेने सोपा आहे. ते ४.७ पीपीएमला एकटंच बसलेलं असतं, म्हणून त्याला फ्रिक्वेन्सीवरून गाठून दाबता येतं. १९८५ मध्ये आलेली चेस पद्धत आणि पुढच्या वेट, व्हेपर या सुधारणा हेच करतात. चरबीचं तसं नाही. तिचे पीक ०.९ आणि १.३ ला येतात, आणि तिथेच १.३३ ला लॅक्टेट आणि १.४७ ला अ‍ॅलानिन आहे. फ्रिक्वेन्सीवरून दाबायला गेलात तर हेही जातात. म्हणून पाणी फ्रिक्वेन्सीने दाबायचं आणि चरबी जागेने. व्हॉक्सेलबाहेरच्या चरबीचा हजारावा हिस्सा जरी आत निसटला तरी तो एनएएला भारी पडू शकतो. माझ्या मते या तक्रारीचं नव्वद टक्के उत्तर स्कॅनचं बटण दाबण्याआधीच्या दोन मिनिटांत असतं, सॉफ्टवेअरमध्ये नसतं.

आधी ओळख पटवा

काहीही बदलायच्या आधी तो पीक नक्की कसला आहे ते बघा.

टीई (इको टाइम, पल्स दिल्यापासून सिग्नल घेईपर्यंतचा वेळ) ३० मिलिसेकंद असताना निरोगी मेंदूतही ०.९ आणि १.३ च्या आसपास बुटके, रुंद उंचवटे दिसतात. ते मॅक्रोमॉलिक्यूल, म्हणजे पेशींतल्या प्रथिनांचे सिग्नल. ते एनएएपेक्षा बरेच खाली असतात आणि टीई १४४ ला जवळजवळ नाहीसे होतात. त्यांच्यामागे धावू नका. नवीन रेसिडेंट निम्म्या वेळा यांनाच लिपिड म्हणतात.

त्यानंतर फेज आणि जागा बघा. एनएए, क्रिएटिन, कोलीन सरळ उभे आहेत आणि १.३ चा पीक मात्र वाकडा आहे, एक बाजू वर आणि एक खाली, किंवा तो १.३ ऐवजी १.५ ला किंवा १.१ ला सरकलेला आहे, तर तो सिग्नल बाहेरून आल्याची शक्यता जास्त. कातडीखालचं चुंबकीय क्षेत्र तुमच्या व्हॉक्सेलमध्ये शिम केलेल्या क्षेत्रासारखं नसतं, त्यामुळे तिथून आलेली चरबी वेगळ्या फेजमध्ये आणि किंचित सरकून येते. गाठीतली चरबी बाकीच्या पीकांबरोबर सरळ उभी असते. ही खूण शंभर टक्के भरवशाची नाही, पण ती फुकट मिळते, तेव्हा पाहायला हरकत नाही.

टीई १४४ चा स्पेक्ट्रम घ्या. लॅक्टेटचा दुहेरी पीक या टीईला उलटा होतो, कारण त्याचं जे-कपलिंग (शेजारच्या प्रोटॉनशी असलेली जोडणी) ७ हर्ट्झच्या आसपास आहे आणि १४४ मिलिसेकंद म्हणजे त्याचा व्यस्त. टीई २८८ ला तो पुन्हा सरळ. लिपिड मात्र दोन्हीकडे सरळच राहतं, फक्त लांब टीईला कमी होतं. दोन्ही एकत्र असले तर १४४ ला एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेसलाइन फसवी सपाट दिसते. शिवाय ३ टेस्लावर प्रेस (व्हॉक्सेल निवडायची नेहमीची पद्धत) सिक्वेन्समध्ये १४४ ला उलटा लॅक्टेट अपेक्षेपेक्षा लहान येऊ शकतो. त्याचं कारण खाली, जागा सरकण्याच्या भागात येईलच. गळूच्या केसमध्ये ०.९ ला येणारी अमिनो आम्लंही १४४ ला उलटी होतात, लिपिड होत नाही. पू आणि चरबी वेगळी करायची ती अशी.

औषधांचीही चौकशी करा. झटक्यांसाठी शिरेतून लोराझेपाम, फेनिटॉइन किंवा फिनोबार्बिटॉन दिलं असेल तर त्यातलं प्रोपिलीन ग्लायकॉल मेंदूत पोचून १.१ च्या आसपास दुहेरी पीक देतं, विशेषतः नवजात बाळांत. दारू घेतलेल्या माणसात इथेनॉल १.२ ला दिसतं. अशा वेळी सॅट बँड कितीही लावले तरी ते जाणार नाही, कारण ते आतच आहे.

शेवटची आणि सगळ्यात बोलकी चाचणी: व्हॉक्सेल कवटीपासून ५ मिमी आत सरकवा आणि निम्म्या अ‍ॅव्हरेजमध्ये (मोजणीच्या आवृत्त्यांमध्ये) पटकन एक स्पेक्ट्रम घ्या. पीक धाडकन कोसळला तर तो बाहेरचा होता. गाठ व्हॉक्सेलमध्ये तेवढीच राहिली आणि पीकही तेवढाच राहिला तर तो बहुधा गाठीतला.

व्हॉक्सेल तिन्ही प्लेनमध्ये बघा

सगळ्यात सामान्य कारण हेच. अ‍ॅक्सियलवर व्हॉक्सेल छान आत दिसतो, पण कोरोनलवर त्याचा वरचा बाहेरचा कोपरा कवटीत घुसलेला असतो, कारण डोकं वर निमुळतं होत जातं. पॅरायटल आणि फ्रंटल भागात तर हमखास. तिन्ही प्लेनच्या प्रतिमा त्याच पेशंटच्या, त्याच स्थितीतल्या हव्यात. सुरुवातीच्या लोकलायझरनंतर (जागा ठरवायची झटपट प्रतिमा) पेशंटने मान हलवली असेल तर तो निरुपयोगी आहे. एमआरएस लावण्याआधी नवा लोकलायझर घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम.

व्हॉक्सेल कवटीला समांतर वळवा. सरळ चौकोनी ठेवायचा हट्ट कशाला? तो तिरका केला की कोपरा आत येतो.

लहान करायचा असेल तर हिशेब करूनच करा. २० मिमीचा घन म्हणजे ८ मिली. तिन्ही बाजू १५ मिमी केल्या तर ३.४ मिली उरतात, सिग्नल ४२ टक्क्यांवर येतो, आणि तीच स्पष्टता हवी असेल तर अ‍ॅव्हरेज साडेपाच पटींहून जास्त लागतात. पाच मिनिटांचा स्कॅन अर्ध्या तासाचा होतो. त्याऐवजी फक्त कवटीकडची एकच बाजू १५ मिमी करा: ६ मिली, पाऊणपट सिग्नल, आणि वेळ पावणेदोन पट. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

पडद्यावरची चौकट आणि खरी चौकट

चौकट आत दिसते, तरी चरबी येते. याचं खरं कारण बरेच जण कधीच पाहत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

पडद्यावरची चौकट एकाच फ्रिक्वेन्सीसाठी खरी असते, बाकी प्रत्येक पदार्थाची चौकट तिच्यापासून सरकलेली असते. किती सरकलेली? फ्रिक्वेन्सीतला फरक भागिले पल्सची बँडविड्थ, गुणिले व्हॉक्सेलची लांबी. ३ टेस्लावर १ पीपीएम म्हणजे साधारण १२८ हर्ट्झ. समजा प्रेसच्या १८० अंशाच्या पल्सची बँडविड्थ १२०० हर्ट्झ आहे आणि चौकट पाण्यावर, म्हणजे ४.७ वर बेतलेली आहे. चरबी ३.४ पीपीएम लांब, म्हणजे सुमारे ४३४ हर्ट्झ. भागाकार ३६ टक्के. २० मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये चरबीची चौकट ७ मिमीने सरकली! तुम्ही कवटीपासून ५ मिमी अंतर राखलंत, तरी चरबीच्या दृष्टीने व्हॉक्सेल कवटीच्या हाडात घुसलेलाच आहे. तेही एका दिशेत नाही, तिन्ही दिशांत, आपापल्या पल्सच्या बँडविड्थप्रमाणे. १.५ टेस्लावर त्याच बँडविड्थला हे अर्ध्यावर येतं, म्हणून जुन्या मशीनवर चाललेला प्रोटोकॉल नव्या ३ टेस्लावर जसाच्या तसा आणला की लोक चक्रावतात.

लॅक्टेटचं गूढही इथेच सुटतं. त्याचा एक प्रोटॉन ४.१ ला आणि मिथाइल १.३३ ला. दोघांच्या चौकटी एकमेकींवर पूर्ण बसत नाहीत, त्यामुळे व्हॉक्सेलच्या काही भागात पीक उलटतो, काही भागात उलटत नाही, आणि बेरीज कमी भरते.

उपाय तीन. पहिला, चौकट कशावर बेतली जाते ती फ्रिक्वेन्सी तपासा. सीमेन्सच्या मशीनवर ती डेल्टा फ्रिक्वेन्सी नावाने मिळते, इतरांकडे नाव वेगळं. ती २ पीपीएमवर, म्हणजे एनएएवर ठेवली तर चरबी फक्त ०.७ पीपीएम दूर राहते आणि वरच्याच उदाहरणात सरकणं ७ वरून दीड मिमीवर येतं. मेटाबोलाइटच्या (एनएए, कोलीन वगैरे रसायनांच्या) स्कॅनसाठी ती पाण्यावर ठेवण्यात काहीच अर्थ नाही. पाण्याच्या संदर्भ-स्कॅनसाठी मात्र ती शून्य करायला विसरू नका, नाहीतर पाणी भलत्याच जागेचं मोजाल.

दुसरा, सरकण्याची दिशा बदला. ग्रेडियंटची दिशा उलटी केली की चरबीची चौकट कवटीकडे न जाता मेंदूच्या आत सरकते, आणि आत चरबी नाही. काही मशीनवर हा पर्याय थेट आहे, काहींवर व्हॉक्सेल १८० अंशात फिरवून तेच साधतं. आपल्या मशीनवर दिशा कोणती, हे एकदा फँटमवर पाहून ठेवा. बरणीत अर्धं पाणी आणि वर खाद्यतेल भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, व्हॉक्सेल पाण्यात पण तेलाच्या थरापासून ४-५ मिमीवर ठेवा आणि दोन्ही दिशांनी स्पेक्ट्रम घ्या. एका दिशेत १.३ चा पीक येईल, दुसऱ्या दिशेत येणार नाही. ते कागदावर लिहून कन्सोलला चिकटवा.

तिसरा, सेमी-लेझर सिक्वेन्स उपलब्ध असेल तर तो वापरा. त्यातल्या अडियाबॅटिक पल्सची बँडविड्थ कित्येक किलोहर्ट्झ असते, त्यामुळे सरकणं फार कमी होतं आणि कडाही धारदार येतात. प्रेसच्या १८० अंशाच्या पल्सच्या कडा मुळातच पसरट, त्यांतून बाहेरचं थोडं आत येतंच. स्टीम या तिसऱ्या पद्धतीत कडा चांगल्या मिळतात पण सिग्नल निम्मा. माझं मत विचाराल तर ३ टेस्लावर सेमी-लेझर असताना सिंगल-व्हॉक्सेल प्रेस वापरायला फक्त सवय हेच कारण उरतं.

सॅट बँड

सॅट बँड चरबीवर बसवायचा, व्हॉक्सेलच्या कडेवर नाही. व्हॉक्सेलला घासून लावलेला बँड आतल्या मेटाबोलाइटचा सिग्नलही खातो, कारण बँडची चौकटसुद्धा फ्रिक्वेन्सीप्रमाणे सरकते. मध्ये काही मिमीची फट ठेवा आणि बँडची बाहेरची कड कातडीच्या पार बाहेर जाऊ द्या. ३० मिमी जाडीचा बँड घाबरून १० मिमीचा करू नका, बाहेर हवाच आहे. कवटीच्या गोलाईला एक बँड पुरत नसेल तर दोन तिरके लावा. सहाच्या सहा बँड सवयीने सहा बाजूंना लावण्यापेक्षा ज्या बाजूला कवटी जवळ आहे तिथे दोन-तीन लावणं फायद्याचं.

चरबीचा टी-१ (दाबलेला सिग्नल पुन्हा उभा राहायला लागणारा वेळ) तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे दाबलेली चरबी लवकर उठून बसते. बँडचे पल्स एक्साइटेशनच्या (सिग्नल उठवणाऱ्या पल्सच्या) जितके जवळ तितकं बरं. हा क्रम सहसा आपल्या हातात नसतो, पण बँड फार वाढवले की पहिले लावलेले एक्साइटेशनपासून लांब पडतात आणि फुसके ठरतात, हे लक्षात असू द्या.

लाटालाटांची बेसलाइन

हा वेगळा आजार आहे, पण तक्रार त्याच नावाने येते. फ्रंटल किंवा टेम्पोरल व्हॉक्सेलमध्ये बेसलाइनवर बारीक, नियमित लाटा दिसतात, कधी १ ते २ पीपीएममध्ये, कधी ३.५ च्या पुढे. हे बहुतेक वेळा नाकाच्या सायनसजवळच्या किंवा तोंडातल्या पाण्याचं काम असतं. तिथली फ्रिक्वेन्सी शेकडो हर्ट्झने भरकटलेली असते, म्हणून वॉटर सप्रेशन तिथे लागूच पडत नाही, आणि क्रशर ग्रेडियंटने विखुरलेला सिग्नल तिथल्याच क्षेत्राच्या उतारामुळे उशिरा पुन्हा गोळा होतो.

ओळखायची खूण स्पेक्ट्रममध्ये शोधू नका, एफआयडी (वेळेनुसार विरत जाणारा मूळ सिग्नल) उघडा. सिग्नल विरत गेल्यावर मध्येच पुन्हा फुगलेला दिसला की समजा. फुगवटा १०० मिलिसेकंदांवर असेल तर लाटांमधलं अंतर १० हर्ट्झ. इथे चरबीवरचे बँड लावून काही होणार नाही. एक बँड सायनसवर आणि तोंडावर टाका, व्हॉक्सेल फिरवून क्रशरची दिशा बदला, किंवा एक्स-वाय-झेड पैकी कोणती दिशा कोणत्या पल्सला द्यायची तो क्रम बदला. केसातल्या पिना आणि काढता येणारी कवळी आधीच काढलेली असावी, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मल्टीव्हॉक्सेल

सीएसआयमध्ये, म्हणजे एकाच स्कॅनमध्ये अनेक व्हॉक्सेलची जाळी घेताना, चरबी शेजारच्या चौकटीत थांबत नाही, आतपर्यंत ओघळते. १६ बाय १६ च्या जाळीत प्रत्येक चौकटीचा सिग्नल आजूबाजूला पसरतो, पहिली बाजूची लाट मुख्य उंचीच्या सुमारे २१ टक्के असते आणि पुढच्या हळूहळूच विरतात. म्हणून प्रेसची पेटी कवटीच्या आतच हवी आणि चारही कोपऱ्यांना तिरके बँड हवेत. हॅमिंग फिल्टर लावा. लाटा जवळजवळ जातात, पण चौकट प्रत्येक दिशेत दीडपट रुंद होते, म्हणजे १० मिमी लिहिलेलं असतं तेव्हा तुम्ही १५ च्या आसपास बघत असता. जाळी ३२ बाय ३२ करून दाखवणारं इंटरपोलेशन माहिती वाढवत नाही, फक्त डोळ्याला बरं दिसतं.

कवटीपर्यंत सगळा मेंदू हवाच असेल तर इन्व्हर्जन पल्सने चरबी शून्यावर आणता येते, टीआय (इन्व्हर्जननंतर थांबायचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या जवळ. मेटाबोलाइटचा साधारण तीस टक्के सिग्नल त्यात जातो.

क्रम आणि सॉफ्टवेअर

एमआरएस डीटीआय किंवा फंक्शनल एमआरआयच्या आधी घ्या. त्या सिक्वेन्सनी ग्रेडियंट तापतात आणि पुढची कित्येक मिनिटं फ्रिक्वेन्सी सरकत राहते. गाबा या मेंदूतल्या रसायनासाठी मेगा-प्रेस करत असाल तर दोन स्पेक्ट्रमची वजाबाकी या सरकण्याने बिघडते, आणि क्रिएटिन-कोलीनचे उरलेसुरले तुकडे गाबाच्या आजूबाजूला येतात. प्रत्येक अ‍ॅव्हरेज वेगळा साठवा, म्हणजे पेशंट हलला तेवढे भाग टाकून देता येतील.

एलसीमॉडेल या पीक जुळवून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटमध्ये लिपिडचे घटक असतात, त्यामुळे दूषित स्पेक्ट्रमवरही फिट देखणा बसतो. त्याला भुलू नका. लिपिडचा एक घटक २ पीपीएमच्या किंचित वर असतो आणि तो एनएएशी भांडतो. बाहेरची चरबी फेज आणि जागा बदलून आलेली असते, तर सॉफ्टवेअर ती सरळ धरतं. नुसतं कोलीन-क्रिएटिनचं गुणोत्तर हवं असेल तर फिट १.८ पीपीएमपासून वर चालवा. लॅक्टेट किंवा लिपिडवर मत द्यायचं असेल तर दूषित डेटावरून देऊ नका, पुन्हा घ्या.

रिपोर्टसोबत तिन्ही प्लेनवरच्या व्हॉक्सेलची प्रतिमा, टीई, पाण्याची लाइनविड्थ आणि दोन टीईचे स्पेक्ट्रम जोडा. ३ टेस्लावर लाइनविड्थ १२-१३ हर्ट्झच्या पुढे असेल तर ते स्पष्ट लिहा. व्हॉक्सेल कवटीला लागून घ्यावा लागला असेल आणि १.३ चा पीक सरकवून तपासता आला नसेल, तर "लिपिड: कातडीखालच्या चरबीचं प्रदूषण नाकारता येत नाही, यावरून ट्युबरक्युलोमाचा निष्कर्ष काढू नये" असं त्याच शब्दांत लिहा. इंजिनिअरला बोलवायचं असेल तर रॉ डेटा जपून ठेवा. नुसत्या पीडीएफवरून त्याला काहीच सांगता येत नाही.